कोऱ्या पानावरची सही

दरवर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे नेते घडवायचं काम येतं. दोन दिवसांत साठ नेते. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि गेली सहा वर्षं विद्यार्थी विकासाचं खातंही माझ्याच गळ्यात आहे. गळ्यात म्हणते खरी, पण ते मी मागून घेतलेलं आहे. बाकीच्यांना ते नको होतं, कारण त्यात रविवार जातात. मला रविवारांचं काही वाटत नाही. माझ्या दोन खोल्यांच्या घरात रविवारी कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज होत नाही, आणि कुकरही मी एकटीसाठी किती वेळा लावणार?

तर ते शिबिर. सगळ्या वर्गांचे प्रतिनिधी येतात. डोळ्यांवर रुमाल बांधून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, वर्तमानपत्रांचे मनोरे करायचे, गटचर्चा, मग प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. पोरांना मजा येते. नेते होतात की नाही ते मला ठाऊक नाही, पण निदान एकमेकांची नावं त्यांना कळतात.

माझ्या एका सवयीला मात्र सगळे वैतागतात. विद्यार्थी परिषदेची सभा संपली की मी जागेवरच प्रोसिडिंग लिहिते, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद. मग ती मोठ्यानं वाचून दाखवते आणि त्यानंतर सह्या घेते. कोऱ्या पानावर कुणालाही सही करू देत नाही. पोरं घड्याळाकडे बघतात, एखादा उघड जांभई देतो. स्टाफरूममध्ये मला ‘प्रोसिडिंगबाई’ म्हणतात, हे मला शिपायानं सांगितलं. मी हसले. ‘चांगलंय की नाव’ म्हटलं. घरी आल्यावर मात्र जेवावंसं वाटेना.

ही सवय मला कुठून लागली, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं कुणी जवळ नव्हतं, हे एक कारण. आणि सांगितलं तर माझी अब्रू जाणार होती, हे दुसरं.

मी मूळची अकलूजची. वडील दूध संघात कारकून. बी.एस्सी.ला सोलापूरला आले तेव्हा मला घराबाहेर एक रात्रही राहायची सवय नव्हती. एका तेलुगू आजींच्या घरात मागची खोली मिळाली. त्यांचे यजमान यंत्रमागावर होते, ते जाऊन वर्ष झालं होतं. आजींना मराठी जेमतेम, मला तेलुगू शून्य. सकाळी त्या दाराबाहेर पाण्याची बादली भरून ठेवायच्या आणि मी मान हलवायची, एवढंच आमचं बोलणं. पहिले पंधरा दिवस मी कॉलेज सुटल्यावर एसटी स्टँडवर जायचे आणि अकलूजची गाडी सुटताना बघायचे. चढायचे नाही. नुसती बघायचे. गाडी फाटकाबाहेर वळली की परत फिरायचे. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं, तरी पाय तिकडेच वळायचे.

तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या शेजारी येऊन बसली.

“हितं कोन बसतंय का? न्हाय ना? मग सरक की.”

मी सरकले. मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “घे की. बघत काय बसलीस पाव्हनी असल्यावानी.” त्या दिवसापासून मी स्टँडवर जाणं बंद केलं. म्हणजे जातच होते, पण तिच्याबरोबर. ती कुंभारीच्या फाट्यापासून आत, पाऊण तास चालण्याच्या अंतरावरच्या वस्तीवर राहायची. त्या वस्तीपर्यंत जाणारी एकच बस होती, दुपारी सव्वाचारची. ती चुकली तर फाट्यावर उतरून रानातनं चालत जायचं. आमच्या कॉलेजात आसपासच्या गावांतून येणाऱ्या अशा दहा-अकरा मुली होत्या, आणि त्या सगळ्यांचं घड्याळ सव्वाचारवर लागलेलं असायचं.

तिला गुण बेताचे मिळायचे. पण तिच्या शब्दाला माणसं उठायची. पहिल्या वर्षी मुलींच्या खोलीला (स्वच्छतागृह तिथंच होतं) कायम कुलूप असायचं आणि किल्ली ऑफिसात, एका कारकुनाच्या खणात. किल्ली मागायला जायची लाज वाटायची, म्हणून मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. ती मला म्हणाली, “तू अर्ज लिही. तुजं अक्षर बेस हाय. बोलायचं मी बघते.” मी अर्ज लिहिला. मग ती तो अर्ज घेऊन बाकाबाकावर गेली आणि प्रत्येकीला वाचून दाखवला. चाळीस मुली, चाळीस वेळा तेच वाचन. मला कंटाळा आला. म्हटलं, अगं सही घे आणि चल पुढं. तर म्हणाली, “वाचल्याबिगर सही घेतली तर ती सही कशाची? उद्या म्हनतील आमास्नी ठावच न्हवतं.” आठ दिवसांत किल्ली मुलींच्या ताब्यात आली. कारकून आमच्याशी महिनाभर बोलला नाही. तेवढे दिवस मी फार सुखात होते.

दुसऱ्या वर्षी वर्गप्रतिनिधी नेमायची वेळ आली. नियम असा की वर्गात ज्याला सगळ्यात जास्त गुण, तो प्रतिनिधी. निवडणूक नाही, काही नाही. सरांनी गुणांची यादी काढली आणि माझं नाव वाचलं. खरं तर तिथे कुणाचं नाव यायला हवं होतं ते सगळ्या वर्गाला माहीत होतं, मलाही. पण पहिली टाळी तिनंच वाजवली. स्टँडवर जाताना म्हणाली, “आता तुज्या सहीला वजन आलं. वापरू की आपन ते.”

परिषदेचं काम बघणारे सर चांगले होते. हे मी आजही म्हणते. त्यांच्यावर तीन माणसांचं काम होतं आणि ते कुणावर डाफरायचे नाहीत. त्यांनी मला विद्यापीठाच्या शिबिराला पाठवलं, तीन दिवस. तिथेही डोळ्यांवर रुमाल बांधून मागे पडायचं होतंच. मी पडले, लोकांनी झेललं. परत आल्यावर सर म्हणाले, “तुझ्यात नेतृत्वगुण आहेत.” असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की विद्यापीठाच्या परिषदेवर आपल्या कॉलेजातून एक नाव पाठवायचं आहे, आणि ते तुझं पाठवावं असा विचार आहे. ते पद मला भयंकर हवं होतं. ते सांगायची आज लाज वाटते, पण तेव्हा वडिलांच्या ऑफिसात पेढे कुणाकुणाला द्यायचे हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी सर मला जिन्यात भेटले. काखेत प्रोसिडिंगची वही. तपासणीला कमिटी येणार होती आणि वही मागे पडली होती. त्यांनी कठड्यावरच ती उघडली. “सभा झाली असं समज. इथं सही करून ठेव, मजकूर मी मागाहून लिहून घेतो.” पान पूर्ण कोरं होतं. तळाशी, जिथं सही करायची तिथं, पेन्सिलीची बारीक फुली. मी सही केली, आणि खाली एक रेघही मारली. रेघ मारायची फॅशन मी शिबिरातून शिकून आले होते. सभेचा विषय काय होता, हेसुद्धा मी विचारलं नाही. उलट खोलीवर जाताना मला बरं वाटत होतं. माझ्या सहीवाचून कुणाचं तरी अडलं होतं ना.

चाळीस जणींपुढचं तिचं वाचन मला त्या जिन्यात एकदाही आठवलं नाही.

पंधरवड्यानं नोटीस लागली. प्रयोगशाळा सकाळी नव्या अभ्यासक्रमाला द्यायची ठरली होती, त्यामुळे आमची प्रात्यक्षिकं दुपारी तीन ते सहा. गावात राहणाऱ्यांना काही फरक नव्हता. मलाही नव्हता. पण सव्वाचारच्या बसच्या त्या सगळ्या मुली नोटीस बोर्डासमोर उभ्याच राहिल्या. दिवस हिवाळ्याचे होते, सहाला अंधार पडायचा.

तिनं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोळा केलं आणि आम्ही प्राचार्यांकडे गेलो. मी पुढे, कारण मी प्रतिनिधी. दारात ती माझ्या कानात म्हणाली, “तू नुसती हुबी ऱ्हा. बोलायचं मी बघते.” आणि ती फार छान बोलली. आवाज चढवला नाही. प्रात्यक्षिकं दुपारी एकपासून घेतली तर चारपर्यंत कशी संपतात, ते तिनं कागदावर मांडून आणलं होतं. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सरांना बोलावलं आणि प्रोसिडिंगची वही मागवली. पान उघडलं आणि वही आमच्याकडे फिरवली.

“हे तुमच्याशी चर्चा करूनच ठरलंय. तुमच्याच प्रतिनिधीची सही आहे.”

पानावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं की विद्यार्थी प्रतिनिधींशी सविस्तर चर्चा करण्यात आली आणि नव्या वेळेस सर्वांची संमती आहे. खाली माझी सही, रेघेसकट.

तिनं वही जवळ ओढली. ती कुठलीही गोष्ट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची, तशी तिनं ती वाचली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. सर दाराशी उभे होते आणि जमिनीकडे बघत होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी सही केली तेव्हा पान कोरं होतं. एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते बोलले की सर अडचणीत येणार, आणि सरांकडून माझं नाव विद्यापीठात जायचं होतं. मी प्राचार्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. काचेखाली एक जुनं कॅलेंडर होतं. ती माझ्याकडे बघतच होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला.

“मग, झालं?” प्राचार्य म्हणाले.

“झालं, सर,” ती म्हणाली.

त्या सगळ्या बाहेर पडल्या. मी मागे राहिले, कागद गोळा करायचं निमित्त करून. बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात कुणीही थांबलं नव्हतं.

ती भांडली नाही. भांडली असती तर मी कदाचित बोलले असते. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर बसली. तिच्यापाठोपाठ बाकीच्यांनीही माझ्याशी बोलणं सोडलं. वर्गात मी आले की आवाज कमी व्हायचा. मी डबा प्रयोगशाळेमागच्या पायऱ्यांवर खायला लागले. तिथं ऊन असायचं आणि एक कुत्री यायची. माझं नाव विद्यापीठात गेलं, मंजूर झालं, पेपरात बारीक फोटो आला. अकलूजला पेढे वाटले गेले. मी ते पेढे वाटायला घरी गेले होते, आणि सगळे कौतुक करत असताना मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

ती दीड महिना प्रात्यक्षिकांना आली. फाट्यावर उतरून अंधारात पाऊण तास. तिच्या भावाला रोज न्यायला येणं जमेना आणि घरच्यांनी एक दिवस पुरे म्हटलं. हे मला हजेरीतून कळलं. तिचा क्रमांक पुकारला जायचा आणि कुणी बोलायचं नाही. नंतर क्रमांक पुकारणंही थांबलं. मी तिच्या वस्तीवर गेले नाही. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत परीक्षा आली, निकाल लागला, आणि मग जायला तोंड राहिलं नाही. फाटा दहा-बारा किलोमीटरवर होता.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एम.एस्सी., नोकरी, बदली, परत सोलापूर. लग्न ठरता ठरता राहिलं. ओळखी झाल्या, पण शेजारी येऊन ‘सरक की’ म्हणणारं पुन्हा कुणी भेटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला जागा करून दिली नाही. वाचून सही घ्यायचा नियम तेवढा मी कॉलेजात नेमानं चालवला. तो तिचाच होता, हे फक्त मला माहीत होतं.

या वर्षी ऑगस्टात परिषदेची सभा होती. मी नेहमीसारखं प्रोसिडिंग वाचायला लागले आणि मागून कुणीतरी उसासा टाकला. तेव्हा एक प्रतिनिधी मुलगी हसून म्हणाली, “मॅडम, आमच्या कुंभारीत पन तुमच्यासारखी एक बाई हाय. ग्रामपंचायतीत मेंबर. वाचून दाखवल्याबिगर एका बाईचा अंगठा उठू देत न्हाय. सभा लई लांबती.”

मी विचारलं, कोण ही? तिनं सांगितलं. आतल्या वस्तीवरची लेक, कामगार वसाहतीत दिलेली. मोठ्या कॉलेजात होती म्हणतात, पण शिक्षण मधूनच सुटलं. नावही सांगितलं. माझ्या हातातलं पेन थांबलं. मुलं म्हणाली, मॅडम, पुढं वाचा ना, उशीर होतोय.

त्याच आठवड्यात मी ठरवलं की यंदाच्या शिबिराला प्रमुख पाहुणी तीच. दरवर्षी आम्ही कुणीतरी अधिकारी नाहीतर भाषणं करत फिरणारे गृहस्थ आणतो. यंदा खरी नेता येईल. मला या कल्पनेनं इतकं भरून आलं की मी दिवाळीपर्यंत त्याच नादात होते. ती येईल, मुलांसमोर बोलेल, मग आम्ही दोघी चहा घेऊ, आणि मी तिला सगळं सांगेन. तिच्या उत्तरांसकट मी ते मनात रचलं होतं. छापखानेवाला म्हणाला, मजकूर शुक्रवारपर्यंत द्या, नंतर लग्नपत्रिकांची गर्दी आहे. मी मजकूर दिला. प्राचार्यांची मंजुरी घेतली. शंभर निमंत्रणं छापून आली, जाड कागदावर. बाकीची वर्गावर्गांत वाटायला दिली आणि त्यातलं एक पिशवीत घालून मी रविवारी दुपारी कुंभारीच्या बसमध्ये बसले.

वसाहतीत सगळी घरं सारखी. दारादारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मी नाव विचारलं तर तिघींनी एकदमच हात केला. ती ओसरीवर बसून एका म्हातारीचा कसलातरी फॉर्म भरत होती. केस कपाळावर पांढरे झालेले, चष्मा लागलेला. मान वर न करता म्हणाली, “या की मॅडम, बसा. कोन पायजे तुमास्नी?”

मी पायरीशीच उभी राहिले. मग तिनं वर बघितलं. बघत राहिली.

“अकलूज न्हवं का?”

मी मान हलवली. तिनं म्हातारीला फॉर्म पहिल्यापासून वाचून दाखवला, अंगठा घेतला आणि तिला वाटेला लावलं. मग आत जाऊन पाणी आणलं, चहा टाकला. “तुमी कॉलेजात असता म्हनं. बरं हाय. तब्येत बरी हाय न्हवं तुमची?” ती मला तुमी म्हणत होती. तो एक शब्द मला फार लागला. मी रचून आणलेलं सगळं विसरले. चहाचा कप हातात धरून, तिच्याकडे न बघता, मी ते वाक्य म्हणून टाकलं.

“मी सही केली तेव्हा पान कोरं होतं.”

“मला ठाव हाय की,” ती म्हणाली.

“कसं?”

“अगं, सरांचं अक्षर वर ऐसपैस हुतं. खाली येता येता मुंगीएवडं झालं. तुजी सही तळाला बसलेली, आनि तिच्यावर सगळा मजकूर कोंबून बसवलेला. आदी सही, मागनं लिवनं. वाचता वाचताच कळलं मला.”

ती आता ‘तुजी’ म्हणाली, हे त्याही वेळी माझ्या ध्यानात आलं.

“मग तू बोलली का नाहीस?”

“सही तुजी हुती. मी बोलले असते आनि तू न्हाय म्हनली असतीस, तर? म्हनून तुज्याकडं बघत ऱ्हायले. म्हनलं, आता बोलंल. आता बोलंल.”

अठरा वर्षं मी त्या नजरेला घाबरून होते. ती मला दोष देतेय असं समजून मी कुंभारीच्या रस्त्यानं साधी लग्नालासुद्धा गेले नव्हते. आणि ती तर माझी वाट बघत होती. मला रडू आलं. तिनं ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि माझ्या हातातला कप काढून घेतला.

“कोऱ्या पानावर सही केलीस ते चालतंय गं. ल्हान हुतो आपन. गप का बसलीस, ते सांग.”

“मला ते विद्यापीठाचं पद हवं होतं.”

“मिळालं का मग?”

“मिळालं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. शेजारच्या ओसरीवर कुणीतरी विडीची पानं कापत होतं, त्या कात्रीचा आवाज येत होता. मला वाटलं, झालं. निपटलं सगळं. अंग हलकं झालं आणि त्याच भरात मी पिशवीतून निमंत्रण काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, “शिबिराला ये. आमच्या पोरांना तुझ्यासारखं कुणी दिसायला हवं.”

तिनं चष्मा सारखा केला आणि वाचायला लागली. पहिल्या अक्षरापासून. कॉलेजचं नाव, शिबिराचं नाव, तारीख, वेळ, स्थळ. मग थांबली.

“माजं नाव छापलंय की.”

“हो.”

“मला इचारायच्या आदीच?”

“अगं, छापखानेवाल्याला घाई होती. नंतर लग्नपत्रिकांची...” मी बोलत होते आणि मला जिन्यातले सर ऐकू येत होते. तसाच समजुतीचा स्वर. सभा झाली असं समज. मी मधेच थांबले. तिनं उरलेलं निमंत्रण वाचून पूर्ण केलं, छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. मग हसली. खरंच हसली, आम्ही किल्ली मिळाल्यावर हसलो होतो तसं. कागद दुमडून माझ्या हातात परत ठेवला.

“मी न्हाय यायची. राग न्हाय हं माजा. पन न्हाय.”

ती मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत चार बायकांनी तिला थांबवलं आणि चौघींची कामं तिनं उभ्या उभ्या ऐकली. बस दिसल्यावर म्हणाली, “हात कर, न्हायतर थांबायचा न्हाय त्यो.” मी हात केला. खिडकीतून मागे बघितलं तेव्हा ती परत निघाली होती, आणि तिच्या बरोबरीनं आणखी कुणीतरी बोलत चाललं होतं.

शिबिराच्या दिवशी मंचावर एक खुर्ची रिकामी होती. साठ प्रतिनिधी, प्रत्येकाच्या हातात तिचं नाव छापलेलं निमंत्रण. प्राचार्य मला हळूच म्हणाले, “अपरिहार्य कारणामुळे पाहुण्यांना येता आलं नाही, एवढं सांगा आणि सुरू करा.” वाक्य सोपं होतं. कागदावर लिहूनही घेतलं होतं मी. माइकपाशी उभी राहिले आणि समोर बघितलं, तर पहिल्या रांगेत ती कुंभारीची मुलगी बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. पाहुणीनं नकार दिलाय, हे तिला बहुतेक कळलं होतं. वसाहतीत काय लपतं?

मी कागद दुमडला आणि सांगायला लागले. मुलींच्या खोलीची किल्ली, चाळीस सह्या, जिना, वही, टेबलावरची काच, सगळं. नीट सांगता आलं नाही. आवाज मधेच फुटत होता, एक-दोन गोष्टी मागेपुढे झाल्या. पद मला हवं होतं, हेही सांगितलं. प्राचार्य खुर्चीत एकदा हलले. स्टाफमधल्या कुणीतरी खोकून बघितलं. मी तरी शेवटपर्यंत सांगत राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बरं झालं.

मग पहिल्या रांगेतल्या त्या मुलीनं हात वर केला.

“मॅडम, पन मग त्या आज का न्हाय आल्या?”

“त्यांना विचारायच्या आधी मी त्यांचं नाव छापलं होतं,” मी म्हणाले.